दुःखसहनाच्या नाटकातले 'यहूदी': संहिता कशी तपासावी, ओळख कशी वाढवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ख्रिस्ती मंडळीतली तरुण मुले दरवर्षी पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) प्रभू येशूच्या दुःखसहनाचे, म्हणजे त्याची अटक ते वधस्तंभ या घटनांचे, नाटक करतात. या वेळी नाटक पाहून शब्बाथशाळेतल्या एका मुलीने विचारले, "यहूदी लोक इतके दुष्ट का होते?" शिक्षकांना उत्तर देता आले नाही. आता मंडळीला हे सुधारायचे आहे, आणि अलिबागकडच्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहूदी) कुटुंबांशी ओळखही वाढवायची आहे. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात नाटकाच्या संहितेपासून करा. पाहुणे बोलावणे, सिनेगॉगला (यहूद्यांच्या सभास्थानाला) भेट, बंधुभावावर व्याख्यान हे सगळे नंतर. पुष्कळ ठिकाणी उलटे होते. डिसेंबरात एका ज्यू (म्हणजेच यहूदी) पाहुण्याचा सत्कार होतो आणि मार्चएप्रिलमध्ये त्याच व्यासपीठावरून "यहूद्यांनी आमच्या प्रभूला मारले" असे मुले ओरडून म्हणतात. त्या मुलीला दुष्टपणा कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. तो तिला एका शब्दातून मिळाला, आणि तो शब्द भक्तीच्या, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या प्रसंगात कानावर पडला म्हणून मनात रुतला. तेव्हा आधी तो शब्द हाताळायला हवा.

संहिता घ्या आणि लाल पेन्सिलीने 'यहूदी' हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे खूण करा. मग प्रत्येक खुणेपुढे लिहा, इथे नेमके कोण अभिप्रेत आहे: मुख्य याजक, मंदिराचे शिपाई, पिलाताच्या वाड्यापुढे जमलेले लोक, की संपूर्ण समाज? बहुतेक संहितांत असे दिसते की येशू, मरिया, पेत्र, योहान यांच्यापुढे हा शब्द एकदाही येत नाही आणि विरोधकांपुढे मात्र दर पानावर येतो. प्रेक्षकांच्या मनात आपोआप दोन गट पडतात, एकीकडे येशू आणि त्याचे 'ख्रिस्ती' शिष्य, दुसरीकडे यहूदी. प्रत्यक्षात त्या शुक्रवारी रंगमंचावर पिलात आणि त्याचे सैनिक सोडले तर जवळजवळ सगळेच यहूदी होते.

मराठीत याला आणखी एक अडचण चिकटलेली आहे. विश्वासघात करणारा शिष्य यहूदा इस्कर्योत आणि समाजाचे नाव यहूदी. सहासात वर्षांच्या मुलाला हे दोन शब्द एकच वाटतात. यहूदाने पकडून दिले म्हणजे यहूद्यांनी पकडून दिले, असा हिशेब ते मूल मनातल्या मनात करते आणि कुणाला सांगतही नाही. यावर उपाय सोपा आहे. यहूदा हे त्या काळचे अगदी घरोघरचे नाव होते हे वर्गात स्पष्ट सांगा. मार्काच्या सहाव्या अध्यायात येशूच्या भावांची नावे येतात, त्यांत एक यहूदा आहे. बारा शिष्यांतही इस्कर्योत सोडून दुसरा एक यहूदा आहे. नाटकात त्या पात्राला दर वेळी 'इस्कर्योत' म्हणूनच हाक मारा. एवढ्याने अर्धा घोटाळा मिटतो.

आता योहानाचे शुभवर्तमान. नव्या करारात येशूचे जीवन सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत; पहिल्या तिनांत (मत्तय, मार्क, लूक) मिळून हा शब्द पंधरासोळा वेळा येतो, एकट्या योहानात सत्तरच्या आसपास. कॅथलिक उपासनेत गुड फ्रायडेला योहानाचेच अठरावे आणि एकोणिसावे अध्याय वाचले जातात, म्हणून प्रश्न तिथे सर्वांत तीव्र होतो. पण योहान काय म्हणतो ते नीट पाहा. नवव्या अध्यायात जन्मांधाचे आईवडील 'यहूद्यांना' भितात, आणि ते स्वतः यहूदीच आहेत. एकोणिसाव्या अध्यायात अरिमथाईकर योसेफ यहूद्यांच्या भयाने गुप्तपणे शिष्य राहतो, तोही यहूदी. विसाव्यात दारे लावून बसलेले शिष्य यहूदीच. म्हणजे या ठिकाणी शब्दाचा रोख सत्तेवर बसलेल्या लोकांकडे आहे, समाजाकडे नाही. हे प्रौढांना व्याख्यानाने सांगू नका. वचने उघडायला लावा आणि "इथे भिणारा कोण, त्याची जात कोणती?" एवढेच विचारा. माणसे स्वतःच उत्तराशी पोचतात आणि मग ते विसरत नाहीत.

शास्त्रवचन मात्र बदलू नये. वाचनपीठावरून वाचताना शब्द गाळणे किंवा आपल्या मनाने दुसरा घालणे कोणत्याच परंपरेत मान्य होणार नाही, आणि ते प्रामाणिकही नाही. व्हॅटिकनच्या १९७४ च्या मार्गदर्शक सूचनांत हाच भेद केला आहे: मूळ वचनाला हात लावायचा नाही, पण ज्या वचनांतून सगळा यहूदी समाज दोषी असल्याचा ग्रह होऊ शकतो तिथे विवरणाने अर्थ उलगडायचा. नाटक, गोष्ट, प्रवचन, भित्तिचित्र ही मात्र आपली रचना असते. तिथे 'यहूदी'ऐवजी 'मुख्य याजक', 'मंदिराचे अधिकारी', 'जमाव', 'लोक' असे नेमके शब्द वापरायला काहीच अडचण नाही.

वाचनाआधी चार वाक्ये बोलली तरी खूप फरक पडतो. ती अशी असू शकतात: "आता आपण योहानकृत दुःखसहन ऐकणार आहोत. यात 'यहूदी' हा शब्द वारंवार येईल. येशू, त्याची आई आणि त्याचे शिष्य सगळे यहूदी होते. इथे तो शब्द त्या वेळच्या काही अधिकाऱ्यांसाठी आला आहे, त्या काळच्या किंवा आजच्या यहूदी समाजासाठी नाही." हे अर्ध्या मिनिटात होते. वाचनानंतर सांगू नका, कारण तोवर मनात चित्र तयार झालेले असते.

मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातले पंचविसावे वचन, जिथे लोक त्याचे रक्त आपल्यावर आणि आपल्या मुलाबाळांवर असो असे म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी. हे वाक्य फक्त मत्तयात आहे. मार्क, लूक, योहान यांच्यात नाही. याच एका वाक्याच्या आधारावर शेकडो वर्षे असे शिकवले गेले की यहूदी समाज पिढ्यान्‌पिढ्या शापित आहे. वाचनात ते येते तेव्हा वाचा, पण नाटकातून सरळ काढा. बव्हेरियातल्या ओबरआमरगाऊ गावात १६३४ पासून नवस म्हणून दुःखसहनाचे नाटक होते, जगातले सर्वांत प्रसिद्ध. हिटलर ते पाहायला १९३० आणि १९३४ मध्ये गेला होता. त्या गावाने ज्यू विद्वानांशी वर्षानुवर्षे बोलून संहिता बदलली. याजकांच्या डोक्यावरच्या शिंगांसारख्या टोप्या गेल्या, २००० च्या प्रयोगात हे रक्ताचे वाक्यही गेले, आणि पुढच्या प्रयोगांत येशू हिब्रूतून प्रार्थना म्हणतो. जवळजवळ चार शतकांचा नवस पाळणारे गाव एवढे बदलू शकते, तर आपली चाळीस मिनिटांची संहिता नक्कीच बदलता येईल.

नाटकात सर्वाधिक चुका कुठे होतात ते सांगतो.

पहिली चूक म्हणजे चारही शुभवर्तमानांची खिचडी. लेखक मत्तयातून रक्ताची आरोळी घेतो, योहानातून 'यहूदी' शब्द घेतो, लूकातून येशूची टर उडवणारी हेरोदाची सभा घेतो. प्रत्येकातला सर्वांत कडवट तुकडा एकत्र आला की तयार होणारे नाटक कोणत्याही एका शुभवर्तमानापेक्षा जास्त विखारी होते. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्ये दुःखसहनाच्या नाटकांसाठी निकष काढले, त्यांत हा धोका आवर्जून सांगितला आहे. एकच शुभवर्तमान निवडा आणि शेवटपर्यंत त्याच्याशी राहा. लूक निवडला तर आणखी एक लाभ आहे. त्याच्या तेविसाव्या अध्यायात येशूमागे शोक करत चाललेला मोठा लोकसमुदाय आहे, ऊर बडवणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि अरिमथाईकर योसेफाने सभेच्या निर्णयाला संमती दिली नव्हती हेही स्पष्ट लिहिले आहे.

दुसरी चूक पिलाताची. आपल्याकडे तो बिचारा, सज्जन, नाइलाजाने हात धुणारा गृहस्थ म्हणून उभा राहतो. इतिहासातला पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमी अधिकारी होता आणि शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर त्याला परत बोलावले गेले. एरवी तो समुद्रकाठच्या कैसरियात राहत असे, वल्हांडणाला (यहूद्यांच्या पेसाह सणाला) यात्रेकरूंची गर्दी व्हायची म्हणून फौज घेऊन यरुशलेमेत यायचा. मुख्य याजकाला नेमणे आणि काढणे रोमी अधिकाऱ्यांच्या हातात होते. मुख्य याजकाची सणाची वस्त्रेसुद्धा रोमी लोक आपल्या ताब्यात ठेवत आणि सणापुरती देत. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, आणि वरच्या पाटीवर 'यहूद्यांचा राजा' लिहिणे हा राजद्रोहाचा रोमी आरोप होता. हे रंगमंचावर दाखवणे अवघड नाही. यरुशलेमेतल्या प्रत्येक प्रवेशात, मुख्य याजक कयफाच्या घरासमोरही, निदान चार रोमी सैनिक भाले घेऊन उभे ठेवा. त्यांनी बोलायचीही गरज नाही. शहर कुणाच्या टाचेखाली आहे ते प्रेक्षकाला आपोआप कळते.

वेशभूषेकडे बारकाईने पाहा. शिष्यांना पांढरे अंगरखे आणि याजकांना काळे, हे पहिले काढा. सगळ्यांना एकाच पोताचे, एकाच रंगमाळेतले कापड द्या, फक्त मुख्य याजकाचा झगा वेगळा. वाकडी नाके, कृत्रिम दाढ्या, यहूदा इस्कर्योताच्या हातात सतत खुळखुळणारी थैली यांपैकी काहीही नको. हे शुभवर्तमानातून आलेले नाही, मध्ययुगीन युरोपातल्या व्यंगचित्रांतून आलेले आहे. येशूच्या अंगरख्याच्या चार कोपऱ्यांना गोंडे लावा. रक्तस्रावाने पीडित स्त्री ज्या गोंड्याला शिवली तो हाच, बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात सांगितलेला, आणि आजही धर्मनिष्ठ ज्यू पुरुष असे गोंडे वापरतात. दोरा पांढरा घ्या, त्यात एक निळा. पहिल्या रांगेतल्या मुलांना तो दिसतो, आणि नंतर हमखास कोणीतरी विचारते.

जमावाचा प्रवेश सर्वांत जपून बसवा. पंचवीस-तीस मुले एकसुरात "त्याला खिळा" ओरडली की ते समाजाचे ओरडणे वाटते. जमाव बारापंधरा जणांचा ठेवा. त्यांतले पाचसहा ओरडतील, तिघेचौघे गप्प उभे राहतील, दोघीतिघी रडतील, एखादा मध्येच निघून जाईल. कॅथलिक चर्चमध्ये वाचनाच्या वेळी जमावाची वाक्ये सगळी सभा मिळून म्हणते, त्याचाही अर्थ एकदा समजावून द्या. ती वाक्ये आपल्या तोंडी दिली आहेत, कारण दोष आपल्याकडे बोट दाखवतो. हे काही आधुनिक विचारवंतांचे म्हणणे नाही. त्रेंतच्या धर्मसभेनंतर १५६६ मध्ये निघालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच आहे की प्रभूच्या मरणाबद्दल पाप करणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा दोष यहूद्यांपेक्षा मोठा.

एक उलटी चूकही होते. सुधारणेच्या भरात "सगळे रोमी लोकांनी केले, कयफाचा काही संबंध नव्हता" असे लिहिले जाते. तेही खरे नाही. मंदिराच्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांचा सहभाग शुभवर्तमाने सांगतात. शब्द आहे 'काही'. तो जपा.

परूशी हा येशूच्या काळचा, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ. त्याच्याबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण इथे आपली भाषाच बिघडली आहे. मंडळीत दांभिक माणसाला "परूशी आहे नुसता" म्हणतात. आजचा ज्यू धर्म ज्या रब्बी (यहूदी धर्मगुरूंच्या) परंपरेतून वाढला तिची मुळे परूशांत आहेत, त्यामुळे एखाद्या ज्यू पाहुण्यासमोर हा शब्द शिवीसारखा वापरणे म्हणजे त्याच्या आजोबापणजोबांना शिवी देणे. दुःखसहनाच्या कथेत परूशी फारसे दिसतच नाहीत, तिथे मुख्य याजक आहेत. लूकाच्या तेराव्या अध्यायात हेरोदापासून सावध राहा असे येशूला सांगायला येणारे परूशीच आहेत. प्रेषितांचा जीव वाचवणारा गमलियेल परूशी होता, पौल परूशी होता. येशू त्यांच्याशी इतका वाद घालतो, कारण तो त्यांच्या जवळचा आहे. पुनरुत्थानावरचा विश्वास दोघांत समान आहे, तो सदूकी (याजकवर्गाशी जोडलेला दुसरा यहूदी पंथ) मानत नव्हते. असाच दुसरा गैरसमज म्हणजे जुन्या कराराचा देव रागाचा, नव्याचा प्रेमाचा. दुसऱ्या शतकात मार्सियनने हेच शिकवले आणि मंडळीने त्याला पाखंडी ठरवले. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातले वचन आहे. 'डोळ्याबद्दल डोळा' म्हणजे डोळा फोडा असा हुकूम नाही, एका डोळ्याच्या बदल्यात दहा जीव घेणाऱ्या सुडाला ती मर्यादा होती, आणि रब्बींनी तिचा अर्थ पैशातली भरपाई असा लावला.

संहिता झाली की शिक्षकांसाठी आणि तरुणांसाठी तीन बैठका घ्या, प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या. पहिली येशूच्या यहूदीपणावर: सुंता, सभास्थान, शब्बाथ, वल्हांडण. ती लवकर आटपते. दुसरी इतिहासावर, आणि तिला वेळ लागतो.

दुसऱ्या बैठकीत थेट गॅस चेंबरपासून सुरुवात करू नका. तसे केले की लोकांना वाटते, हे नाझी नावाच्या परक्या राक्षसांचे काम, आपला काय संबंध. क्रमाने जा. अंत्युखियात ३८६-३८७ साली योहान ख्रिसोस्तोमने यहूद्यांविरुद्ध जहाल प्रवचने दिली, आणि कारण काय, तर त्याच्या मंडळीतले लोक सभास्थानातल्या सणांना आनंदाने जात होते. म्हणजे शेजार चांगला होता, तो तोडायला प्रवचने झाली. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या यहूदी वस्त्या कापल्या. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉरिचला एका मुलाच्या मृत्यूवरून यहूदी ख्रिस्ती मुलांचा बळी देतात ही अफवा उठली आणि युरोपभर पसरली. १२४७ मध्ये पोप चौथ्या इनोसंटने ती खोटी ठरवली, तरी थांबली नाही. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने यहूद्यांनी वेगळा पोशाख करावा असे ठरवले. मार्टिन ल्यूथरने १५४३ मध्ये सभास्थाने जाळा असे लिहिले. प्रॉटेस्टंट वाचकांनी इथे मान वळवू नये. अमेरिकेतल्या मोठ्या ल्यूथरन चर्चने १९९४ मध्ये ते लिखाण जाहीरपणे नाकारले आहे. आणि १९०३ च्या ईस्टरला किशिनेव्हमध्ये दंगल झाली, एकोणपन्नास यहूदी मारले गेले. युरोपातल्या यहूदी आयांसाठी ईस्टरचा आठवडा शतकानुशतके दारे लावून बसण्याचा आठवडा होता. आपल्या आनंदाच्या सणाबद्दल हे ऐकताना माणसे गप्प होतात. त्या शांततेला दोन मिनिटे द्या, लगेच पुढच्या मुद्द्यावर जाऊ नका.

या इतिहासाचे एक पान आपल्या किनाऱ्यावरही आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ऊठबस होती, आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याचे घराणे बळजबरीने ख्रिस्ती झालेल्या यहूद्यांचे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, आले. ओर्ता १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी गुपचूप यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. पणजीतल्या बागेला आज त्याचे नाव आहे. मुलांना तिथे नेता आले तर जरूर न्या.

नाझी काळाकडे येताना ख्रिस्ती श्रोत्यांना एक गोष्ट सांगा, बाकी आकडे ते कुठेही वाचतील. १९३९ मध्ये जर्मनीतल्या आयसेनाखला प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र्यांनी एक संस्थाच काढली, चर्चच्या जीवनातून यहूदी प्रभाव पुसण्यासाठी. त्यांनी यहूदी संदर्भ छाटलेला नवा करार छापला आणि येशू आर्य असल्याचे सांगितले. आपल्याकडे "हिटलरसारखा शिस्तीचा माणूस पाहिजे" असे सहज बोलले जाते. मंडळीत कोणी असे बोलले तर हा छाटलेला नवा करार पुढे ठेवा. आणि बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना छळछावणीतल्या प्रेतांची छायाचित्रे दाखवू नका, त्यातून समज वाढत नाही, फक्त भीती राहते.

तिसरी बैठक वळणाची. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांची बायको आणि मुलगी ऑशविट्झला मारली गेली. लपून राहतानाही ते ख्रिस्ती शिकवणीतल्या तिरस्काराचा अभ्यास लिहीत राहिले. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या झेलिसबर्ग गावी ज्यू आणि ख्रिस्ती एकत्र बसले आणि दहा मुद्दे काढले. त्यांतला एक आपल्या कामाचा आहे: 'यहूदी' शब्द फक्त येशूच्या शत्रूंसाठी वापरू नये. पुढच्याच वर्षी अॅम्स्टरडॅमला जागतिक चर्च परिषदेने यहूदीद्वेष हे देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप आहे असे म्हटले. १९५९ मध्ये पोप तेविसाव्या योहानने गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला यहूद्यांना विश्वासहीन म्हणणारा शब्द काढून टाकला, जून १९६० मध्ये ते इझाकना भेटले, आणि २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 'नोस्त्रा एताते' हे इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केले. त्याच्या चौथ्या परिच्छेदात दोन गोष्टी आहेत ज्या शिक्षकांनी पाठच कराव्यात: येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही, आणि यहूदी देवाने टाकलेले किंवा शापिलेले आहेत असे शिकवू नये. या बैठकीत रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय वाचा, जैतुनाच्या कलमाचा. तू मुळाला उचलून धरत नाहीस, मूळ तुला उचलून धरते, असे पौल परराष्ट्रीयांना बजावतो.

एवढे झाल्यावर ओळखीकडे वळा. बेने इस्राएल समाज मराठी बोलतो. समाजाच्या आठवणीप्रमाणे पूर्वजांचे जहाज नवगावजवळ फुटले. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', आणि गावावरून नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे. आपल्या ज्या एलीयाला आपण राजांच्या पुस्तकात भेटतो, त्याच्या नावाने, एलियाहू हन्नाबीच्या नावाने, ते मलिदा करतात: गोड पोहे, ओले खोबरे, फळे. मंदिराच्या नाशाचा उपवास त्यांच्या जुन्या बोलीत बिरड्याचा सण, कारण तो वालाच्या बिरड्याशी जोडलेला. या गोष्टी आधी माहीत असल्या की "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न विचारायची वेळ येत नाही. दोन हजार वर्षे इथे राहिल्याचे मानणाऱ्या माणसाला तो प्रश्न बोचतो.

मिशनऱ्यांशी या समाजाचे नाते गुंतागुंतीचे आहे, तेही समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली, जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले, त्याचा समाजाला उपयोग झाला. धर्मांतर मात्र फार थोड्यांनी केले, आणि १८७५ मध्ये समाजाने मुंबईत स्वतःची शाळा काढली. कृतज्ञता आणि सावधपणा दोन्ही त्या आठवणीत आहेत. म्हणून भेटीला जाताना पत्रके, नव्या कराराच्या प्रती, "येशू तुमचाच मसीहा" हे काहीही बरोबर नेऊ नका. मनात तोच हेतू असेल तर जाऊच नका, तो पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

अलिबागचे मागेन अबोथ किंवा मुंबईचे १७९६ मधले शारे रहमीम, कुठेही जायचे तर दोनतीन आठवडे आधी विचारा. २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसला लक्ष्य केले गेले, तेव्हापासून बंदोबस्त असतो, म्हणून नावांची यादी आणि ओळखपत्रे लागतात. बारापंधराहून जास्त माणसे नकोत. शनिवार टाळा. शब्बाथला गेलात तर फोन, छायाचित्र, लिहिणे आणि पैशाचा व्यवहार बंद. पुरुषांनी डोके झाकावे. शिजवलेले खाणे घेऊन जाऊ नये, त्यांचे खाण्याचे नियम आहेत, अखंड फळे चालतात. गटातल्या प्रत्येकाने एकच प्रश्न तयार करावा, आणि पहिल्या भेटीत इस्राएल सरकारच्या धोरणाचा जाब कोणालाही विचारू नये. रोह्याचे आजोबा इस्राएलच्या मंत्रिमंडळात बसत नाहीत.

अलीकडे काही मंडळ्या प्रभुभोजनाच्या गुरुवारी स्वतःच 'सेदेर' (पेसाहचे विधिपूर्वक भोजन) करतात, मात्सा (बेखमीर भाकर) मोडतात, शोफार (शिंगाचे वाद्य) फुंकतात. हेतू चांगला असतो, पण टाळा. आजचा सेदेर इ.स. ७० मध्ये मंदिर पडल्यानंतर घडत गेला, येशूचे शेवटचे भोजन हुबेहूब तसे नव्हते. शिवाय दुसऱ्याच्या घरातला सण त्याच्याशिवाय, आपला अर्थ घालून करणे हे ओळखीच्या विरुद्ध दिशेला जाते. कोणी घरी बोलावले तर पाहुणे म्हणून आनंदाने जा. तसेच ज्यू लोकांना शेवटच्या दिवसांच्या भाकितातली सोंगटी समजून त्यांच्यावर प्रेम करणे, हेही त्यांना माणूस म्हणून पाहणे नाही.

व्हॉट्सअॅपवर "ज्यू जगावर राज्य करायचा कट करतात" असा मजकूर येतो, त्याचे उगमस्थान बहुधा 'प्रोटोकॉल्स' नावाचा बनाव असतो. तो १९०३ मध्ये रशियात छापला गेला, आणि लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्ये तो १८६४ च्या एका फ्रेंच राजकीय उपहासावरून उचलल्याचे ओळीशी ओळ लावून दाखवले. त्या उपहासात ज्यूंचा विषयच नव्हता. गटात सर्वांसमोर वाद घालण्याआधी पाठवणाऱ्याला खासगीत हे सांगा, बहुतेक जण मुकाट्याने काढून टाकतात. नाही काढले तर गटात एकदाच, तारखांसह लिहा. सरकारवर टीका आणि समाजाचा द्वेष यांत फरक आहे, पण टीका करताना 'इस्राएल सरकार'च्या जागी 'ज्यू' लिहिले गेले की ती रेषा ओलांडली असे समजावे, आणि तेवढा शब्द दुरुस्त करायला सांगावे.

वेळापत्रक असे धरा: राखेच्या बुधवारच्या (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) निदान दोन आठवडे आधी संहिता तपासून हवी, बैठका उपवासकाळात पहिल्या तीन रविवारी, तालमी त्यानंतर. सिनेगॉगची भेट पेसाह संपल्यावर, कारण त्या आठवड्यात त्यांची घरे सणात असतात. नाटक झाल्यावर मुलांना घरी पाठवण्याआधी पाच मिनिटे बसवा आणि विचारा, "आज रंगमंचावर यहूदी कोण कोण होते?" मुले कयफा म्हणतील, इस्कर्योत म्हणतील. मरियेचे, पेत्राचे आणि येशूचे नाव कोणी न सांगता आले तर संहिता जमली. नाही आले तर पुढच्या वर्षी पुन्हा लाल पेन्सिल घ्या, आणि त्या मुलांची उत्तरे कोणत्या प्रवेशाकडे बोट दाखवतात ते आधी पाहा.